बशीतले पैसे कुणाच्या खिशात जातात?

माझे वडील गिरगावातल्या एका हॉटेलात २७ वर्षं वेटर होते, १९६९ ते १९९६. त्याआधी त्याच हॉटेलच्या मोरीवर त्यांनी कपबश्या विसळल्या, मग टेबलांवर फडकं मारलं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मुंबईला आलेल्या पोऱ्यांचा तेव्हा हाच रस्ता असायचा: मोरी, फडकं, आणि नशिबात असलं तर ऑर्डर घेणं.

शनिवारी रात्री अप्पा घरी यायचे तेव्हा अकरा वाजून गेलेले असायचे. मी जागी असायचे, कारण नाणी मोजायचं काम माझं होतं. रुमालाची गाठ सोडून ते नाणी चटईवर ओतायचे. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडांचे दहा पैसे, अधूनमधून एखादे चार आणे. नाण्यांना बडीशेपेचा वास असायचा, कधी एखादा दाणाही चिकटलेला असायचा. मी चळती लावायचे आणि अप्पा भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून नुसते आकडे ऐकायचे. पुढे मी ३४ वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅशच्या काउंटरवर. नोटा-नाण्यांचा हात मला त्या चटईवर बसला.

आमच्या घरी त्या पैशांना टीप म्हणत नसत. 'वरचे' म्हणायचे. पगार सात तारखेला यायचा आणि भाडं, वाणी, गावची मनीऑर्डर यांत संपायचा. माझ्या वह्या, आईचं औषध, दादाची परीक्षेची फी हे सगळं वरच्यात. 'खूश होऊन दिलेले दोन पैसे' असा या गोष्टीचा जो अर्थ लोक लावतात तो मला कधीच पुरेसा वाटला नाही. देणारा खूश होऊन देत असेलही. घेणाऱ्याच्या घरी त्यावर औषधाचं बिल ठरलेलं असतं.

पण मला आज सांगायचं आहे ते किती द्यावं याबद्दल नाही, किंवा फक्त तेवढंच नाही. दिलेले पैसे पोहोचतात कुठे, हे मला सांगायचं आहे.

अप्पांच्या हॉटेलात बशीतले पैसे कुणी स्वतःच्या खिशात टाकायचे नाहीत, असा नेम होता. गल्ल्यापासून लांब, भटारखान्याच्या दाराशी फळीवर पत्र्याचा डबा असायचा, त्यात टाकायचे. शनिवारी शटर अर्धं ओढलं की डबा संगमरवरी टेबलावर उपडा व्हायचा. पाच वेटर, दोन फडकेवाले, दोन मोरीवाले. वेटरला दोन वाटे, बाकीच्यांना एकेक, म्हणजे एकूण १४ वाटे. वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, वाटा घ्यायचे नाहीत, त्यांचा पगार जास्त होता. शेठ गल्ल्यावर बसून हिशेब लिहीत असायचे, पण त्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नाही. अप्पा हे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे.

मग शेठ थकले आणि धंदा दुसऱ्या हातात गेला. नव्या मालकांनी फुटलेल्या कपबश्यांचे पैसे डब्यातून कापायला सुरुवात केली. आधी पाच-दहा रुपये, मग 'या आठवड्यात जास्त फुटलं' म्हणून वीस. किती फुटलं हे कुणी मोजून दाखवत नव्हतं. दोन-तीन महिन्यांत डबा बंद पडला. ज्याच्या टेबलावर बशी, त्याच्या खिशात पैसे. लगेच टेबलांवरून भांडणं सुरू झाली: फॅमिली रूम कुणाकडे, दाराजवळची टेबलं कुणाकडे. आणि मोरीवाल्यांना काहीच मिळेना, कारण मोरीपर्यंत कुठलंही गिऱ्हाईक जात नाही. अप्पा शनिवारी आपल्या पैशांतून दोन्ही पोरांना थोडे थोडे देत राहिले. आईला ते परवडत नव्हतं आणि पटतही नव्हतं, पण तिने अडवलं नाही.

हे डोक्यात पक्कं असल्यामुळे मी कुठेही गेले की माझा पहिला प्रश्न असतो, हे पैसे कुणाला मिळतात?

आता तर बशीच येत नाही. बिल येतं आणि सोबत क्यूआर कोडचं पत्र्याचं छोटं पान. आपण स्कॅन करतो, 'काका, झालं' म्हणतो आणि उठतो. तो कोड हॉटेलच्या खात्याचा असतो. त्यावर पन्नास रुपये जास्त पाठवले तर ते मालकाच्या खात्यात जातात. पुढे वेटरला मिळतील की नाही हे त्या मालकावर. पूर्वी सुटे परत यायचे, त्यातले चार आपसूक बशीत राहायचे. यूपीआयने बिल पैशापर्यंत अचूक केलं आणि ते राहणारे सुटे गेले. यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती, पण वेटरच्या घरातले 'वरचे' कमी झाले एवढं खरं. म्हणून मी एका छोट्या बटव्यात दहा, वीस, पन्नासच्या नोटा ठेवते. बँकेतली सवय आहे, महिन्याच्या सुरुवातीला सुट्या नोटा आणून ठेवते आणि ज्याने वाढलं त्याच्या हातात देते. काही तरुण पोरं आता स्वतःच्या मोबाइलवरचा कोड दाखवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

किती? माझा हिशेब साधा आहे. चहा-नाश्ता झाला तर दहा-वीस. जेवण झालं तर बिलाच्या पाच ते दहा टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. आणि जिथे आपलं आपण ताट उचलून आणायचं असतं, तिथे टेबल पुसणाऱ्याला. त्याला कुणी देत नाही.

दोन वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही बहिणी-भाचरं जेवायला गेलो. बिलात खाली १० टक्के 'सर्व्हिस चार्ज' लावलेला. माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, सरकारी कर आहे तो, द्यावाच लागतो." हा गैरसमज फार लोकांचा आहे. सर्व्हिस टॅक्स हा कर होता, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपला. सर्व्हिस चार्ज हा हॉटेलने स्वतः लावलेला आकडा, सरकारचा त्यात संबंध नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलने हा आकार आपोआप बिलात घालायचा नाही, दुसरं नाव देऊनही घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं आणि दिला नाही म्हणून कुणाला अडवायचं नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. कुणी ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

त्या दिवशी मी मॅनेजरला बोलवायच्या आधी आम्हाला वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "हे दहा टक्के तुम्हा लोकांना मिळतात का रे?" त्याने गल्ल्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, पगारातच धरलंय म्हणतात." म्हणजे पगार मालकाने द्यायचा तो आमच्याकडून घेतला जात होता आणि त्याला वरचे म्हणून काहीच मिळत नव्हते. मी तो आकार काढायला लावला. मॅनेजरने थोडी कुरकुर केली, पण काढला. जेवढा आकडा कमी झाला तेवढे पैसे मी त्या मुलाला दिले. हे मी मुद्दाम सांगते, कारण सर्व्हिस चार्ज काढून घेऊन ते पैसे आपल्याच पर्समध्ये ठेवले, तर मालकाशी भांडण जिंकलं म्हणायचं. वेटरला त्यातून काय मिळालं?

आता न्यू जर्सी. मुलगा-सून एडिसनला राहतात. २०२३ मध्ये मी तीन महिने त्यांच्याकडे होते. जायच्या आधी टिपेबद्दल इतकं ऐकलं होतं की मला रागच येत होता. जेवणाच्या वर अठरा-वीस टक्के! एका जेवणाची टीप रुपयांत केली की अप्पांचा दोन महिन्यांचा पगार दिसायचा. पहिल्याच आठवड्यात मी मुलाला म्हटलं, "मालक पगार देत नाही का यांना?" तो म्हणाला, "आई, खरंच पुरेसा देत नाही." आणि त्याने मला सगळं समजावून सांगितलं.

अमेरिकेत टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचं किमान वेतन वेगळं आहे. केंद्राच्या कायद्याने ते तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि १९९१ पासून त्यात एका सेंटची वाढ नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट, तेही २००९ पासून तेवढंच. मधला फरक टिपेने भरून निघतो असं धरलेलं असतं. नाहीच निघाला तर मालकाने भरायचा. राज्यांचे दर निरनिराळे आहेत. न्यू जर्सीत त्या वर्षी टीपवाल्या कामगाराचं रोख वेतन ५ डॉलर २६ सेंट होतं. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत हा भेदच नाही, तिथे वेटरला पूर्ण किमान वेतन मिळतं. हे कळल्यावर माझा राग वेटरवरून उठून त्या पद्धतीवर गेला. पण पद्धतीवरचा राग वेटरच्या बिलातून काढायचा नसतो. तिथे राहून, तिथे जेवून 'आमच्याकडे नाही बाई अशी पद्धत' असं म्हणत दोन डॉलर ठेवून उठणारे आपले लोक मी पाहिले. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

एका रविवारी आम्ही सात जण एका डायनरमध्ये गेलो. वाढणारी बाई माझ्याच वयाची होती, साठीची. १४० डॉलरचं जेवण झालं. बिल मुलाने माझ्याकडे दिलं, मला द्यायची हौस होती. खाली कुठेतरी 'ग्रॅच्युइटी' असं लिहून २५ डॉलर २० सेंट मांडलेले. बँकेतल्या माणसाला ग्रॅच्युइटी म्हणजे निवृत्तीनंतरची रक्कम. कामगारांच्या कसल्यातरी निधीचा आकार असेल असं समजून मी पुढे गेले आणि टिपेच्या रेघेवर २८ डॉलर लिहिले. पैसे भरून आम्ही कोट घालत होतो तेवढ्यात ती बाई पावती घेऊन परत आली. त्या शब्दाखाली बोट ठेवून तिने मला सांगितलं, की सहाहून जास्त माणसं असली की इथे १८ टक्के आधीच लावतात, तुम्ही दोनदा दिलेत, मी बदलून आणते.

ती गप्प बसली असती तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

मी तिला म्हटलं, थोडे तरी राहू द्या. आणि मग माझा नेहमीचा प्रश्न विचारला, मुलगा शेजारी उभा राहून माझं इंग्रजी सावरत होता: हे सगळे तुम्हालाच मिळतात का? ती म्हणाली, नाही, कामाची पाळी संपली की त्यातला ठरलेला हिस्सा टेबल आवरणाऱ्या मुलाला द्यायचा आणि थोडा बारमागच्याला. त्याला ते 'टिप-आउट' म्हणतात. मालक? मालकाला हात लावता येत नाही, म्हणाली, कायदा आहे. मुलाने घरी येऊन शोधलं. तिचं खरं होतं. २०१८ पासून केंद्राच्या कायद्याने मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना कामगारांच्या टिपेतला वाटा घ्यायला बंदी आहे. मला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. भटारखान्याच्या दाराशी असलेली ती फळी दिसत होती. शेठनी जो नेम आपल्या मनाने पाळला आणि नव्या मालकांनी मोडला, तो त्या देशाने कायद्यात लिहून ठेवला होता. ब्रिटननेही तसा कायदा २०२३ मध्ये केला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू केला. टीप पूर्णच्या पूर्ण कामगारांपर्यंत पोहोचवायची, मालकाने कापायची नाही.

अमेरिकेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी, मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं अशा. टक्केवारी कर धरायच्या आधीच्या रकमेवर काढतात. बसून जेवलात, कुणी येऊन वाढलं, तर १८ ते २० टक्के हे बिलाचा भाग समजूनच घराबाहेर पडा. नुसती कॉफी घेतली आणि काउंटरवरच्याने पडदा आपल्याकडे वळवला, तर त्यावर 'नो टीप'चंही बटण असतं आणि ते दाबलं तर कुणी वाईट बोलत नाही. हॉटेलात खोली साफ करणाऱ्या बाईसाठी दोन ते पाच डॉलर ठेवायचे, पण रोज ठेवायचे. शेवटच्या दिवशी एकदम वीस ठेवले तर ते त्या दिवशी कामावर असलेल्या बाईला मिळतात, आधीचे चार दिवस राबलेली वेगळीच असू शकते. आणि सोबत 'हाऊसकीपिंगसाठी' अशी चिठ्ठी ठेवा, नाहीतर विसरलेले पैसे समजून ती हात लावत नाही. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, वर सुटे ठेवले तर ठेवले. जपानमध्ये टीप देऊच नये, तिथे ती घेत नाहीत.

आपल्याकडे फिरायला गेल्यावर ज्याचा सगळ्यात जास्त विसर पडतो तो म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. गेल्या डिसेंबरात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. गाडीच्या एजंटला ठरलेला रात्रीचा भत्ता आधीच दिला होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त. सकाळी सहाला मी समुद्रावर जायला निघाले तर ड्रायव्हर गाडीतच मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेला. हॉटेलात ड्रायव्हरसाठी खोली नव्हती आणि भत्ता एजंटकडून परतल्यावर मिळणार होता. आदल्या दिवशी आठ तास घाट उतरून त्याने आम्हाला आणलं होतं, परतही त्यालाच न्यायचं होतं. तेव्हापासून मी खोली ठरवतानाच विचारते, ड्रायव्हरची झोपायची सोय आहे का? नसेल तर जवळ लॉजमध्ये त्याच्यासाठी वेगळी खाट बघते. जेवणाचे पैसे रोजच्या रोज त्याच्या हातात, आणि परतल्यावर दिवसाला दोनशे-तीनशे रुपये वेगळे.

गॅसवाल्याचं वेगळं आहे. घरपोच आणण्याचा खर्च सिलिंडरच्या बिलात धरलेला असतो, त्यामुळे त्याने वर मागितले तर देणं बंधनकारक नाही. पण आमच्या जुन्या इमारतीत लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून यावं लागायचं तेव्हा मी न मागता द्यायचे, आता लिफ्ट आहे तर फक्त पाणी विचारते. खाणं घेऊन येणाऱ्या पोरांना पावसात आणि रात्री दहानंतर हातात वीस रुपये. आणि घरकामाच्या मावशींना दिवाळीला एक महिन्याचा पगार, ही टीप नव्हेच. बोनसच्या कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के असतो, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बरोबर बारावा हिस्सा, एक महिना. मला बँकेने दर वर्षी बोनस दिला, तो मी कधी उपकार समजून घेतला नाही.

दिवाळी आली की पोस्त, म्हणजे दिवाळीची बक्षिसी. लहानपणी चाळीत पोस्टमन, झाडूवाला, नळाचं पाणी सोडणारा यायचे, 'वहिनी, पोस्त' म्हणायचे, आई ताटात फराळ आणि नाणं ठेवायची. आमच्या आताच्या सोसायटीत तसं कुणी दारात येत नाही. दर फ्लॅटमागे ५०० रुपये जमवून सगळी रक्कम ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे देण्याची पद्धत होती. तीन वर्षांपूर्वी मी जिना झाडणाऱ्या बाईला सहज विचारलं, काय मिळालं गं दिवाळीचं? ती म्हणाली, मिठाईचा पुडा. आमच्या इमारतीत ४२ फ्लॅट आहेत. ४२ गुणिले ५०० किती होतात हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

सभेत मी विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, वहिनी, ठेक्याची माणसं सारखी बदलतात, कुणाला किती द्यायचं हा हिशेब कोण ठेवणार? मी म्हटलं, मी ठेवते. वर्षभर वहीत लिहिलं: कोण कधीपासून, किती महिने. दिवाळीच्या आदल्या रविवारी गेटजवळ टेबल टाकलं, पाकिटांवर नावं घातली आणि प्रत्येकाला हातात दिलं. अकरा पाकिटं झाली. जो रात्रीचा वॉचमन ऑगस्टमध्ये काम सोडून गेला होता, त्याच्या नावाचंही आठ महिन्यांचं पाकीट केलं होतं. तो आता कळव्याला एका गोदामावर असतो असं कळलं. भाऊबीज झाल्यावर मी लोकलने जाऊन त्याला ते देऊन आले.